न कापलेला मुखवटा

"ते सगळं राहू द्या, बाबा. भाव पुन्हा वर येईल की नाही, एवढंच सांगा."

लालशाबाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर हिरवा गलेफ पसरला होता आणि ते त्याच्या काठाची जर सावकाश उसवत होते.

"कशाचा भाव?"

"आता एवढा वेळ मी काय सांगत होतो?" कोरगावकरांचा आवाज चढला.

"सांगत होता, भाऊ. मी म्हातारा माणूस. माझ्यात हळूहळू शिरतं."

ओट्याच्या पायरीवर कुमुदबाई पाय लांब करून बसल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. त्या म्हणाल्या, "त्यांच्या पुस्तकांचा भाव, बाबा. पोरांची चित्रांची पुस्तकं असतात ना, ती."

"कॉमिक्स," कोरगावकर म्हणाले. "पोरांची पुस्तकं नव्हेत. जुनी, दुर्मिळ कॉमिक्स. हयात गेली माझी त्यात."

"माझीही गेली," कुमुदबाई म्हणाल्या. "मला मात्र कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलं नाही."

लिंबाखाली टेम्पो उभा होता. त्याला टेकून बसलेला इलाही रद्दीवाला हसला, आणि कोरगावकरांनी तिकडे पाहिल्यावर उगाच खोकला.

मिरजेच्या बाहेर, उसाच्या शेतांमध्ये हा लहानसा दर्गा. लोक पिराला नवस बोलतात आणि बोललेलं झालं की मजारीवर जरीकाठी चादर, म्हणजे गलेफ, चढवतात. गलेफावर गलेफ चढतो. मग खालचे जुने गलेफ लालशाबाबा काढून घेतात आणि त्यांची तान्ह्या पोरांसाठी टोपडी शिवतात. ज्याच्या घरी मूल झालं असेल त्यानं यावं आणि टोपडं न्यावं, अशी इथली रीत. कुणाचं कापड, किती महागाचं, हे कुणी विचारत नाही.

कोरगावकर इथे कधी आले नव्हते. कुमुदबाई यायच्या, गुरुवारी. आज त्यांनीच नवऱ्याला आणलं होतं, आणि पेट्याही टेम्पोतून आणल्या होत्या. पत्र्याच्या मोठमोठ्या पेट्या उतरवून ओट्यावर ओळीनं मांडल्या होत्या.

नवराबायकोत ठरलं होतं ते असं. स्वतःचं घर केव्हाच विकून झालं होतं. भाड्याचं घर आज सोडायचं होतं. मुलगी हुबळीला. तिच्याकडे या दोघांपुरती एक खोली होती. पेट्यांना जागा नव्हती. इलाही पेट्या रद्दीच्या भावानं घ्यायला तयार होता. नाहीतर कोरगावकरांनी मिरजेत कुठेतरी खोली घ्यायची आणि भाव परत येईपर्यंत पेट्यांपाशी राहायचं. कुमुदबाई एकट्या हुबळीला जाणार होत्या.

"बाबांना विचारा," त्या म्हणाल्या होत्या. "बाबा म्हणाले थांबा, तर थांबा. मी रडणार नाही, बोलणार नाही. बाबा म्हणाले द्या, तर द्या."

आणि जन्मात कुणाला काही न विचारणारे कोरगावकर कबूल झाले होते.

"दाखवा तरी," बाबा म्हणाले. "एवढं काय आहे ते."

कोरगावकर पेटीशी गेले. कुलूप काढलं. वरचं जाड कापड उचललं. मग थांबून त्यांनी बाबांच्या बोटांकडे पाहिलं.

"हात धुतलेत का?"

"अहो!" कुमुदबाई म्हणाल्या.

"नमाजाला चालतात," बाबा म्हणाले. "तुमच्या पुस्तकाला चालतात का बघा."

कोरगावकरांनी पिशवी त्यांच्या हाती दिली नाही. स्वतःच धरून समोर ठेवली. पारदर्शक पिशवी, तोंडाला चिकटपट्टी. आत एका दाढीवाल्या खलाशाचं चित्र, एका हातात तलवार, मागे खवळलेला समुद्र.

"दर्यासिंग. याचा दिवाळी अंक."

"रंग चांगले आहेत."

"रंग?" कोरगावकर हसले. खूप दिवसांनी त्यांच्या तोंडावर ते जुनं हसू आलं, फोनवर बोलताना यायचं ते. "बाबा, हा अंक कुणाकडे आहे म्हटलं की लोक पुण्याहून गाडी करून यायचे. मुंबईचे मोठमोठे डॉक्टर, वकील मला फोन करायचे. कोरगावकर, अमुक अंक मिळतोय, भाव काय द्यावा? मी सांगेन तो भाव. मी म्हटलं घेऊ नका, की तो अंक पडून राहायचा."

"तुम्हाला कसा कळायचा भाव?"

"नजर लागते. कोपरा दुमडला, भाव उतरला. पिन गंजली, उतरला. पानं पिवळी पडली, उतरला. कुणी नाव लिहिलं असेल, पेन्सिलीनं का असेना, तर निम्मा."

"पोरानं आपलं नाव लिहिलं तर?"

"निम्मा."

"नाव लिहिलं की निम्मा..." बाबा स्वतःशीच म्हणाले. जरीचा एक पदर त्यांनी ओढून काढला आणि बोटाला गुंडाळला.

"आणि याला यांच्या लेखी तोड नव्हती," कुमुदबाई म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या फोटोला वाळवी लागली. हे कोरं आहे."

"कारण याची मागची बाजू बघा." कोरगावकरांनी पिशवी उलटी केली. बायकोचं बोलणं त्यांना ऐकू आलं नसावं. "मुखवटा. दर्यासिंगचा मुखवटा. या टिंबांच्या रेघेवरून कापायचा, इथे दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा आणि तोंडावर बांधायचा. आणि हा कापलेला नाही!"

"बरं."

"बरं काय? असा अंक बघायला मिळायचा नाही. सगळ्यांनी कापून टाकले."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"पोरांनी. अंक हातात पडला की आधी कात्री. गोष्ट नंतर वाचायची."

"छापला कशाला होता?"

"कापायलाच."

"मग हा कसा राहिला?"

"राहिला... पोराच्या हाती गेला नसेल. एखाद्या दुकानात तळाशी राहिला असेल. नाहीतर कुणीतरी घेऊन ठेवला असेल, द्यायचं राहून गेलं असेल."

"म्हणजे ज्या पोराला मिळाला, त्याच्या अंकाची रद्दी."

"हं."

"आणि जो कुणालाच मिळाला नाही, त्याला सोन्याचं मोल."

बाबांच्या आवाजात टोमणा नव्हता. वाट विचारावी तसं त्यांनी विचारलं होतं. कोरगावकरांनी पिशवी पुन्हा सरळ केली.

"बाजार असाच असतो," ते म्हणाले. आणि खाली बसले.

ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलं होतं. इलाहीनं टेम्पो थोडा सावलीत सरकवला.

"मग पडला कसा भाव?" बाबांनी विचारलं.

ते सांगणं कोरगावकरांना जड गेलं. हे अंक छापणारा छापखाना बंद पडून पिढी उलटली होती. मालकाच्या नातवानं जागा विकायला काढली, गोदामाचं कुलूप तोडलं, आणि आत गठ्ठे सापडले. सुतळीनं बांधलेले, जसे छापून आले तसे. दर्यासिंगचे दिवाळी अंकही होते. एकाचाही मुखवटा कापलेला नव्हता.

"जे जगात दोनचार जणांकडे होतं, ते ढिगानं आलं," कोरगावकर म्हणाले. "मोबाईलवर लिलाव लागायला लागले. आज एक, उद्या पाच."

"मग तुम्ही काय केलंत?"

कोरगावकरांनी पेटीवरचं कापड सारखं केलं.

"सांगा की," कुमुदबाई म्हणाल्या. "इथवर आलाय, तर सांगा."

"घेत गेलो," कोरगावकर म्हणाले.

"काय?"

"ते अंक. येतील तसे. भाव खाली येऊ नये म्हणून. दुसऱ्या कुणी कमी भावानं घेतला असता तर तोच भाव झाला असता ना! म्हणून मीच वरचा भाव बोलायचो आणि मीच घ्यायचो. वाटलं होतं, गठ्ठे संपतील. माझ्याकडे सगळे आले की मग बाजार पुन्हा..."

"संपले?"

"नाही. माझं संपलं. फंड संपला. मग घर."

बाबांनी बोटाला गुंडाळलेली जर सोडवली.

"भाव तुम्हीच बोलत होता," मग ते म्हणाले. "आणि घेतही तुम्हीच होता."

"हो."

"मग भाऊ, बाजार कुठं होता?"

लिंबावर कावळा बसला होता, तो उडाला. कोरगावकर पेट्यांकडे बघत राहिले. उघड्या पेटीतल्या कापडाखाली गठ्ठेच होते. अजूनही सुतळीत. काही त्यांनी सोडलेही नव्हते.

"साहेब," इलाही तिकडून हळूच म्हणाला, "मी घाई करत नाही. पण टेम्पो भाड्याचा आहे. आणि मला कापलेला काय, न कापलेला काय, काटा दोघांना सारखाच."

"तू गप्प बस!"

"बसलोय की मघापासून."

कुमुदबाईंना हसू आलं. मग ते हसू कुठेतरी गेलं. त्या म्हणाल्या, "बाबा, मी यांना कधी अडवलं नाही. माणसाला नाद असतो. कुणी पितो, कुणी पत्ते खेळतो. हे घरात असायचे तरी. पण माझा गुडघा धरला की 'हं' म्हणायचे, आणि पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला की जेवायचे नाहीत. त्या पुस्तकाचा मला हेवा वाटायचा. या वयात... सांगायलासुद्धा लाज वाटते."

कोरगावकरांनी मान खाली घातली.

"भाव वर येणार नाही," ते म्हणाले.

कुमुदबाईंनी चमकून पाहिलं.

"मला ठाऊक आहे," कोरगावकर म्हणाले. आता त्यांचा आवाज अगदी साधा झाला होता, दमलेल्या माणसाचा. "गठ्ठे आले नसते तरी आला नसता. घेणारे कोण होते? माझ्याच वयाचे. लहानपणी ज्यांनी हे वाचलं, ते मिळवते झाले, म्हणून भाव चढला. आता ते जातायत. एकेक करून जातायत. साताऱ्याचे एक डॉक्टर होते, माझ्याकडून नेहमी न्यायचे. मागच्या थंडीत गेले. मुलाचा फोन आला, काका, बाबांची ती पुस्तकं कुणी घेऊन जाईल का, कपाट मोकळं करायचंय. मी गेलो. सगळे अंक मीच विकलेले. पिशवीवर मी लावलेली चिकटपट्टी होती ना... ती तशीच होती. एकदाही उघडलेली नव्हती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"घेऊन आलो. या पेटीत आहेत."

बाबांनी कात्री खाली ठेवली.

"तुम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मग मला काय विचारत होता?"

कोरगावकर पेटीचं कुलूप हातात फिरवू लागले.

"कुणीतरी 'येईल' म्हणावं... एवढंच. तुम्ही म्हटलं असतंत तर मी थांबलो असतो."

"पेट्यांपाशी?"

"हो."

"एकटे?"

"हो."

"आणि मी 'नाही' म्हटलं तर?"

"तर मग मी कोण, बाबा?" कोरगावकर म्हणाले. "हे किलोनं गेलं, तर मी कोण होतो एवढी वर्षं?"

उसातून वारा गेला, त्याची सळसळ लांबवर जाऊन विरली.

"मला नाही ठाऊक," लालशाबाबा म्हणाले.

"बाबा, असं नका हो म्हणू!" कुमुदबाई पायरीवरून उठायला गेल्या, गुडघ्यानं उठू दिलं नाही, त्या पुन्हा बसल्या. "मी यांना तुमच्या भरवशावर आणलं. द्या म्हणा, नाहीतर थांबा म्हणा. काहीतरी एक म्हणा. माझंही मन मोकळं होऊ दे."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कोरगावकरांकडे.

"भाऊ, लहानपणी तुम्ही लावला होता का हा?"

"काय?"

"मुखवटा."

"कुठला लावतोय!" कोरगावकर म्हणाले. "आम्हाला अंक विकत कोण घेऊन देणार? वडील गिरणीत हमाल. बाजारपेठेत एक दुकान होतं, दोरीवर अंक टांगलेले असायचे. तिथंच बाकावर बसून वाचायचे, भाड्यानं. घरी न्यायचे नाहीत. तो दुकानदार दिवाळी अंक आला की आधी मागचं पान फाडून घ्यायचा. मुखवटे वेगळे विकायचा, जत्रेत. आमच्या हातात यायचा तो अंक मागचं पान नसलेला."

"मग?"

"मग काय? वाचायचा. आळीतली पोरं मुखवटे लावून फिरायची. भिंतीवरून उड्या मारायची. मी आपला..."

त्यांनी अंकाची पिशवी मांडीवर ठेवली.

"तुम्ही काय?"

"मी मेलेला खलाशी व्हायचो," कोरगावकर म्हणाले. "ज्याच्याकडे मुखवटा नाही, त्यानं मरायचं असायचं. पडून राहायचं, खेळ संपेपर्यंत. डोळे मिटून."

कुमुदबाई नवऱ्याकडे बघत होत्या. एवढ्या संसारात हे त्यांनी ऐकलं नव्हतं.

लालशाबाबांनी मांडीवरचा गलेफ बाजूला सारला. कात्री उचलली. कापडाची कात्री, मोठी, मुठीला चिंध्या गुंडाळलेली. ती त्यांनी उलटी धरून कोरगावकरांपुढे केली.

कोरगावकर मागे सरकले.

"नाही."

बाबांनी कात्री मागे घेतली नाही. हात तसाच पुढे राहिला. हात म्हातारा होता, कात्री जड होती. बराच वेळ तो तसाच राहिला, तेव्हा कोरगावकरांनाच बघवेना.

"बाबा, याच्यासारखा अंक..."

याच्यासारखे अंक पेटीत गठ्ठ्यांनी होते.

त्यांनी कात्री घेतली.

पिशवीची चिकटपट्टी निघेना. नखानं खरवडली, मग एकदम ओढली, तशी पिशवी फाटली. आतून वास आला. जुन्या कागदाचा, शाईचा. कोरगावकरांनी अंक नाकाशी नेला. तसेच बसले. अंक दोन्ही हातांत धरून, तोंड झाकून.

"द्या इकडे, बघू," बाबा म्हणाले. त्यांनी अंक उघडला, डोळ्यांपासून लांब धरला. अक्षरं लावत लावत वाचलं, "ध... डा... म." मग खुलले. "हे जमलं मला! पुढचं अवघड आहे."

इलाही टेम्पोपासून उठून जवळ आला होता. तो म्हणाला, "धडाम म्हणजे कोण पडलं, बाबा?"

"ते नाही लिहिलं."

बाबांनी अंक परत दिला. मागचं पान वर करून.

कोरगावकरांनी कात्री लावली. पहिला घाव टिंबांच्या रेघेवर बसला नाही. कागद चरचरत फाटला, दर्यासिंगच्या गालावर वाकडा काप गेला. कोरगावकरांच्या तोंडातून असा आवाज निघाला, की कुमुदबाईंनी डोळे मिटले. पण हात थांबला नाही. आयुष्यात असलं काही कापलेलं नसलेला माणूस कापत होता, जीभ दातांत धरून, मान वाकडी करून. दाढीचं टोक कापलं गेलं. एक कान राहूनच गेला. डोळ्यांची भोकं पाडताना कात्रीचं टोक बोटाला लागलं आणि रक्ताचा ठिपका कागदावर पडला. त्यांनी तो पुसला नाही.

बाबांनी गलेफातून एक हिरवा धागा ओढून काढला आणि दिला.

धागा ओवून झाला. मुखवटा तयार झाला. कोरगावकर तो हातात धरून बसून राहिले.

"हसाल तुम्ही," ते बायकोला म्हणाले.

"नाही हसणार."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मुखवटा तोंडाला लावला आणि धागा डोक्यामागे बांधला. धागा पुरता पुरेना; कसाबसा बांधला.

मुखवटा बसला नाही.

तो लहान तोंडासाठी होता. नाकापाशीच त्याची रुंदी संपली. दोन्हीकडून पांढरे कल्ले, सुरकुतलेले गाल बाहेर राहिले. कपाळ अर्धं उघडं. डोळ्यांची भोकं एकमेकांच्या फार जवळ होती, नाकाच्या दोन्ही बाजूंना आली. त्यांच्या डोळ्यांवर कागदच आला. त्यांनी मुखवटा वर सरकवला, खाली सरकवला, एका बाजूला ओढला. कुठेही सरकवला तरी त्यांचे डोळे त्याच्या डोळ्यांत येईनात.

मग त्यांनी सरकवणं सोडून दिलं. हात मांडीवर ठेवून ते बसले.

कुमुदबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. मग त्यांनी पदर सोडला, पायरीला हात टेकला आणि उठल्या. बाबांकडे पाहिलं. बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला होता.

कुमुदबाईंनी इलाहीला हातानं खूण केली.

इलाही हलला नाही. त्यानं मुखवट्याकडे बोट दाखवलं, मान हलवली. कुमुदबाईंनी पुन्हा खूण केली आणि स्वतःच चालत पेट्यांपाशी गेल्या.

कोरगावकरांना बांगड्या ऐकू आल्या. मग पेटीची कडी वाजली.

"वहिनी, तुम्ही नका धरू," इलाहीचा आवाज, अगदी हळू. "मी ओढतो एकटा."

"धर तू तिकडून."

पत्रा ओट्यावर घासला. कर्कश घासला. मग आवाज थांबला. पेटी उचलली गेली होती. पावलं त्यांच्या समोरून गेली, एक जड, एक लंगडती. लंगडतं पाऊल क्षणभर त्यांच्यापाशी अडखळलं. "आई गं," असा दाबलेला श्वास त्यांनी ऐकला. कुठला गुडघा ते त्यांना कळलं. पावलं पुढे गेली.

टेम्पोत पेटी आपटली.

कोरगावकरांनी तोंड उघडलं. थांबा म्हणायला उघडलं, की अजून कशाला, ते त्यांनाही कळलं नाही. कागदाच्या आत त्यांचाच श्वास गरम होऊन त्यांच्याकडे परत येत होता. कागद ओला होऊ लागला होता.

लंगडती पावलं परत आली. दुसरी कडी वाजली.

त्यांचा हात वर गेला, मुखवट्याच्या कडेला लागला.

"बाबा," ते आतून म्हणाले, "काही दिसत नाही..."

दुसरी पेटी ओट्यावर घासू लागली.

"मग काढू नका इतक्यात," लालशाबाबा म्हणाले.